लेकींची दिग्दर्शिका : शोभना समर्थ

शोभना समर्थ हे नाव घेतले की आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला सीता आठवते. आजच्या विद्यार्थ्याला मात्र काजोलची आजी असे सांगितल्याशिवाय ओळख पटत नाही. या दोन ओळखींच्या मधोमध त्यांची तिसरी एक ओळख आहे आणि ती बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. ती ओळख दिग्दर्शिकेची. १९५० साली त्यांनी 'हमारी बेटी' नावाचा चित्रपट स्वतः काढला आणि स्वतःच दिग्दर्शित केला. दिग्दर्शिका म्हणून तो त्यांचा पहिलाच प्रयत्न होता. या चित्रपटात चौदा वर्षांची नूतन नायिका होती आणि सहा-सात वर्षांची तनुजा तिच्या लहानपणाच्या भूमिकेत होती. एकाच मुलीचे बालपण आणि तारुण्य दोन सख्ख्या बहिणींनी पडद्यावर उभे केले, आणि त्यांना उभे राहायला शिकवणारी होती त्यांची आई.

चित्रपटाचे नाव 'हमारी बेटी', म्हणजे आमची मुलगी. या नावातला 'आमची' हा शब्द पुढे किती भारी पडणार आहे, याची कल्पना त्या वेळी त्या तिघींपैकी एकीलाही नसावी. मुलगी आईबापांची असते हे आपण सहज बोलून जातो. पण तिचे रूप, तिचे गुण, तिची मिळकत, तिचे आयुष्य, हे सारे कोणाचे? शोभनाबाईंच्या चरित्रात हा प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतो. म्हणूनच सिनेमातल्या बाईचे चरित्र म्हणून ते बाजूला सारता येत नाही.

शोभनाबाईंचे माहेरचे नाव सरोज शिलोत्री. पहिले महायुद्ध चालू असताना मुंबईत त्यांचा जन्म झाला. वडील प्रभाकर शिलोत्री हे बँकेच्या व्यवसायातले नावाजलेले गृहस्थ. शिलोत्री बँक ही त्यांनीच उभी केलेली. आई रतनबाई सुशिक्षित आणि हौशी. एकुलती एक मुलगी असल्यामुळे सरोजचे लाड भरपूर झाले. मुंबईच्या इंग्रजी शाळेत तिचे शिक्षण सुरू झाले. त्या काळच्या मराठी मध्यमवर्गाला स्वप्नवत वाटावे असे हे घर होते.

पण दैवाचे फासे उलटे पडायला वेळ लागत नाही. १९२८ साली वडिलांचा व्यवसाय बुडाला. ज्या शहरात मानाने वावरलो त्याच शहरात रिकाम्या हाताने राहणे त्यांना नकोसे झाले असावे. कुटुंबाने मुंबई सोडली आणि बंगलोर गाठले. तिथे सरोज बाल्डविन गर्ल्स हायस्कूलमध्ये जाऊ लागली. एके काळी बँक चालवणारे वडील आता शिकवण्या करू लागले आणि आईने मराठी शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली. असा संसार रेटला गेला. १९३१ च्या डिसेंबरात वडील गेले. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आणि तिची आई मुंबईला परतल्या आणि मामाच्या आश्रयाला राहिल्या. पुढे अभिनेत्री म्हणून नाव मिळवणारी नलिनी जयवंत ही याच नात्यातली, सरोजची मामेबहीण.

मामाच्या घरी राहणे म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या कितीतरी विद्यार्थ्यांना सांगायला नको. ताटात अन्न पडते, पण प्रत्येक घासाबरोबर आपण दुसऱ्याच्या घरात आहोत ही जाणीवही गिळावी लागते. सरोज शाळेत जाई आणि उरलेल्या वेळात शिकवण्या घेऊन चार पैसे मिळवी. चौदा-सोळा वर्षांच्या मुलीने घरासाठी कमवायचे असते हा धडा तिला पुस्तकातून मिळालेला नव्हता. तो तिने स्वतःच्या घरात गिरवला होता. पुढे आपल्या मुलीला तिने चौदाव्या वर्षी कॅमेऱ्यापुढे का उभे केले, याचे उत्तर शोधताना हा काळ नजरेआड करून चालणार नाही.

याच सुमारास तिची गाठ कुमारसेन समर्थ यांच्याशी पडली. कुमारसेन जर्मनीहून चित्रपटकलेचे शिक्षण घेऊन नुकतेच परतले होते आणि दिग्दर्शक होण्याचे त्यांचे स्वप्न होते. दोघांचे लग्न ठरले. सरोजने चित्रपटात काम करावे असे ठरले तेव्हा मामांच्या घरून विरोध झाला. त्यात नवल काही नव्हते. मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर स्त्रीने येणे समाजाला अजून पचलेले नव्हते. दादासाहेब फाळक्यांना १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीच्या भूमिकेसाठी पुरुषच उभा करावा लागला होता. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या. विशेष लक्षात घ्यावे ते हे की, आपल्या पडद्यावरच्या पहिल्या स्त्रियाही मायलेकीच होत्या. पुढे १९३२ साली दुर्गा खोटे 'अयोध्येचा राजा'त आल्या. चांगल्या घरच्या बाईने सिनेमात जाण्याची वाट त्यांनी थोडीशी मोकळी केली. त्या वाटेने येणाऱ्यांमध्ये सरोज शिलोत्री होती. पडद्यासाठी तिने शोभना हे नाव घेतले आणि लग्नाने समर्थ हे आडनाव मिळाले.

तिचा पहिला चित्रपट 'विलासी ईश्वर'. तो कोल्हापूर सिनेटोनने काढला, कथा मामा वरेरकरांची होती आणि दिग्दर्शन मास्टर विनायकांचे. विनायकांचाही दिग्दर्शक म्हणून तो पहिलाच चित्रपट. 'निगाहे नफरत' या नावाने त्याची हिंदी आवृत्तीही निघाली. कोल्हापूरच्या त्या वातावरणात बाबूराव पेंढारकरांसारख्या मुरलेल्या नटासमोर उभे राहून या नवख्या मुलीने कामाचे पहिले धडे घेतले. नवा दिग्दर्शक आपल्या पहिल्या चित्रपटाशी कसा झगडतो हे तिने तिथे जवळून पाहिले असणार. त्यानंतर ती मुंबईच्या सागर मूव्हीटोनमध्ये गेली. १९३७ चा सर्वोत्तम बदामींचा 'कोकिला' हा तिचा त्या काळातला गाजलेला चित्रपट. त्यात तिच्याबरोबर मोतीलाल होते. त्याच वर्षी तिच्या आईने, रतनबाईंनी, 'स्वराज्याच्या सीमेवर' या मराठी चित्रपटात काम केले. म्हणजे या घरात चित्रपट आला तो आई आणि मुलगी या दोघींच्या हाताला धरून.

१९३६ च्या ४ जूनला नूतनचा जन्म झाला. पुढच्या काही वर्षांत आणखी दोन मुली आणि एक मुलगा झाला. धाकटी तनुजा २३ सप्टेंबर १९४३ ची. हेच १९४३ साल शोभनाबाईंच्या कीर्तीचे शिखर ठरले.

प्रकाश पिक्चर्सच्या विजय भट्टांनी १९४२ साली 'भरत मिलाप' काढला. त्यात दुर्गा खोटे कैकेयी होत्या आणि शोभना समर्थ सीता. त्याला मिळालेले यश पाहून १९४३ साली 'रामराज्य' आला. राम प्रेम अदीब, सीता शोभना समर्थ, संगीत शंकरराव व्यासांचे आणि कलादिग्दर्शन गुजरातचे चित्रकार कनु देसाई यांचे. रामाने टाकलेली सीता, वाल्मीकींचा आश्रम आणि लव-कुश, ही उत्तररामायणाची कथा. चित्रपट देशभर चालला. १९४४ साली तुरुंगातून सुटल्यावर गांधीजी विश्रांतीसाठी जुहूला राहिले होते, तेव्हा त्यांनी हा चित्रपट पाहिला. त्यांनी पाहिलेला हा एकमेव हिंदी चित्रपट मानला जातो. १९४७ साली तो अमेरिकेतही दाखवला गेला. प्रेम अदीब आणि शोभना समर्थ यांची राम-सीतेच्या वेषातील चित्रे दिनदर्शिकांवर छापली गेली आणि घरोघरी भिंतींवर लागली. लोक त्या चित्रांना हात जोडत.

त्या काळी आपले किल्लारी निजामाच्या मुलखात, उस्मानाबाद जिल्ह्यात होते. लातूर जिल्हा झाला तो फार पुढे, १९८२ साली. पक्की चित्रपटगृहे शहरांत. खेड्यापाड्यांच्या वाट्याला जत्रेतला तंबूतला सिनेमा. राम-सीतेचा, पांडवांचा, संतांचा खेळ असला तर बायाबापड्याही बैलगाड्या जुंपून येत, कारण देवाचा सिनेमा पाहण्यात कमीपणा नव्हता. धार्मिक चित्रपटांनी ग्रामीण स्त्रीला प्रथमच तंबूच्या आत नेले, ही गोष्ट आपले चित्रपटसमीक्षक फारशी नोंदवीत नाहीत. शोभनाबाईंची सीता अशा प्रेक्षकांच्या मनात जाऊन बसली होती.

पण पडद्यावरची सीता आणि घरातली शोभना यांची परिस्थिती दिवसेंदिवस विलक्षण जुळत गेली. सीतेने वनात एकटीने दोन मुले वाढवली. इकडे शोभनाबाई आणि कुमारसेन यांचे संसार वेगळे झाले. भांडणतंटा न करता दोघे बाजूला झाले आणि चार मुलांची जबाबदारी मुख्यतः आईवर आली. ज्या बाईच्या चित्राला लोक सौभाग्याचे प्रतीक मानून नमस्कार करत होते, ती प्रत्यक्षात नवऱ्यापासून वेगळी राहून स्वतःच्या कमाईवर घर चालवत होती. त्यातूनही तिने मुलांच्या शिक्षणात कसूर केली नाही. मोतीलाल यांच्याशी तिचा दीर्घकाळ स्नेह होता आणि त्याची चर्चाही पुष्कळ झाली. तिने ती चर्चा टाळण्यासाठी तोंड लपवले नाही, हे मात्र मान्य करावे लागते.

अभिनेत्रीच्या आयुष्यात पस्तिशी हे मोठे अवघड वळण. नायिकेच्या भूमिका कमी होऊ लागतात आणि आईच्या भूमिका दारात येऊन उभ्या राहतात. नटाला पन्नाशीतही प्रियकर होता येते, नटीला मात्र ती मुभा नाही. १९४९-५० च्या सुमारास शोभनाबाई या वळणावर होत्या. अशा वेळी बहुतेकींनी मिळतील त्या भूमिका घेतल्या किंवा घरी बसणे पत्करले. शोभनाबाईंनी मात्र कॅमेऱ्याच्या मागे जाण्याचे ठरवले.

हा निर्णय किती धाडसाचा होता हे समजायला थोडे मागे जावे लागेल. आपल्या देशात स्त्रीने चित्रपट दिग्दर्शित केल्याचे पहिले उदाहरण फातमा बेगम यांचे, १९२६ सालचे. त्यांच्याही मुली, सुलताना, झुबेदा आणि शहजादी, पडद्यावर आल्या. त्यानंतर जद्दनबाई आल्या. त्यांची मुलगी नर्गिस. बोटांवर मोजता येतील एवढ्याच या बायका, आणि त्यातल्या बहुतेकींनी चित्रपट काढले ते आपल्या मुलींना घेऊन. याचे कारण उघड आहे. चित्रपटाच्या धंद्यात पैसा पुरुषांचा, वितरण पुरुषांचे, यंत्रे पुरुषांच्या हाती. बाईजवळ स्वतःचे म्हणावे असे भांडवल काय, तर स्वतःचे नाव आणि स्वतःची मुलगी. शोभनाबाईंनी हेच भांडवल गुंतवले.

'हमारी बेटी'त मोतीलाल होते, स्वतः शोभनाबाई होत्या आणि संगीत स्नेहल भाटकरांचे होते. भाटकर म्हणजे आपले भजनी परंपरेतले मराठी संगीतकार. या चित्रपटात नूतन स्वतःच्या आवाजात गायली. लहानपणी १९४५ साली वडिलांच्या 'नलदमयंती'त तिने छोटे काम केले होते, पण नायिका म्हणून ही तिची पहिलीच खेप. चित्रपट फार गाजला असे नाही. पण नूतनकडे इतरांचे लक्ष गेले आणि १९५१ साली 'हम लोग' आणि 'नगीना' हे तिचे दोन चित्रपट आले. 'नगीना'ला केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र होते. नायिका स्वतःच अज्ञान वयाची असल्यामुळे तिला तिच्याच चित्रपटाच्या खेळाला दारावर अडवले गेले, ही हकिकत प्रसिद्ध आहे. ती वाचून आपण हसतो. पण जरा थांबून विचार केला तर हसू मावळते. जी गोष्ट पाहण्यास कायद्याने ती लहान होती, ती गोष्ट करून दाखवण्यास मात्र ती मोठी ठरली होती.

नूतन किशोरवयात अतिशय किडकिडीत होती आणि स्वतःच्या रूपाबद्दल तिच्या मनात न्यूनगंड होता. आई देखणी म्हणून नावाजलेली आणि आपण तिच्या पासंगालाही पुरत नाही, ही भावना किती मुलींना छळते! शोभनाबाईंनी तिला १९५३ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या शाळेत पाठवले. परतल्यावर नूतन बदलली होती. १९५५ च्या 'सीमा'त तिने चोरीच्या खोट्या आळामुळे सुधारगृहात आलेल्या अनाथ मुलीचे काम केले. आतून धुमसणारी, कोणावरही विश्वास न ठेवणारी, हाताला येईल ते फोडणारी ही पोर. या भूमिकेने तिला फिल्मफेअरचा पहिला पुरस्कार मिळवून दिला. १९५९ साली बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. ब्राह्मण घरात वाढलेली अस्पृश्य मुलगी सुजाता, आणि त्या घरची सख्खी मुलगी रमा. रमाचे काम आपल्या शेजारच्या सोलापुरात जन्मलेल्या शशिकलेने केले. दोघी बहिणीसारख्या वाढतात, पण एकीला घर मुलगी म्हणते आणि दुसरीला मुलीसारखी म्हणते. या एका 'सारखी'त सारा अन्याय सामावलेला आहे. नूतनने तो जवळजवळ न बोलता, नुसत्या डोळ्यांनी दाखवला. १९६३ च्या 'बंदिनी'ने तर तिला अभिनयाच्या शिखरावर नेऊन ठेवले.

१९५९ साली नूतनने नौदलातील अधिकारी रजनीश बहल यांच्याशी लग्न केले. १९६० साली शोभनाबाईंनी आपला दुसरा चित्रपट 'छबिली' दिग्दर्शित केला. या खेपेस धाकट्या तनुजाला नायिका म्हणून पुढे आणायचे होते आणि नूतनही चित्रपटात होती. संगीत पुन्हा स्नेहल भाटकरांचे. दहा वर्षांपूर्वी 'हमारी बेटी'त जी लहान पोर होती ती आता सोळा-सतरा वर्षांची झाली होती. तनुजाही स्वित्झर्लंडला शिकून आली होती. नूतन अबोल आणि संकोची, तर तनुजा उनाड, हसरी आणि हट्टी. १९६१ च्या 'हमारी याद आयेगी'च्या वेळी रडण्याच्या प्रसंगात ती हसत सुटली म्हणून दिग्दर्शक केदार शर्मांनी तिला थप्पड मारली. ती तक्रार घेऊन आईकडे गेली, तर आईनेही एक थप्पड दिली आणि परत सेटवर आणून उभे केले, अशी हकिकत सांगितली जाते. आज ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. आईच्या शिस्तीमुळे तनुजा घडली, असा तिचा सूर असतो. तसे असेलही. पण रडत घरी आलेल्या मुलीला आधी जवळ घ्यावे की आधी कामावर परत न्यावे, हा प्रश्न शिल्लक उरतोच. ज्या आईने पंधराव्या वर्षी बाप गमावून शिकवण्या केल्या, तिच्या लेखी कामाला पाठ फिरवणे हाच मोठा गुन्हा होता.

आणि मग तो दुर्दैवी काळ आला. साठीच्या दशकात नूतनची मिळकत आणि घरच्या चित्रसंस्थेचे पैसे यांच्या हिशेबावरून मायलेकींत बेबनाव झाला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. ज्या आईने पडद्यावर आणले तिच्याविरुद्ध मुलगी उभी राहिली. वृत्तपत्रांना खाद्य मिळाले. पुढची वीस वर्षे दोघींत बोलणे नव्हते. १९६० च्या 'छलिया'त ज्या दोघी एकाच चित्रपटात दिसल्या, त्या आता एका शहरात राहून एकमेकींना परक्या झाल्या. या काळात नूतनने आपले सर्वोत्तम काम केले, पुरस्कार घेतले, मुलगा वाढवला. आईने ते सारे लांबून पाहिले.

कोण बरोबर आणि कोण चूक याचा निवाडा करणे हे आपले काम नव्हे. पण दोन्ही बाजू समजून घेता येतात. आईची बाजू अशी की, घर एक, संस्था एक, मग पैसा वेगळा कसा? ज्या पैशातून मोठीला परदेशी शिकवले, त्याच पैशातून धाकटीला शिकवायचे आणि तिच्यासाठी चित्रपट काढायचा. एकत्र कुटुंबात हा विचार कोणाला खटकत नाही. मुलीची बाजू अशी की, चौदाव्या वर्षापासून मी राबले, तेव्हा माझ्या कष्टाचे काय झाले हे विचारण्याचा मला अधिकार आहे. हाच प्रश्न कमावत्या मुलाने विचारला तर त्याला व्यवहारी म्हणतात, आणि मुलीने विचारला तर तिला कृतघ्न म्हणतात. नूतनच्या वाट्यालाही हे बोल आले असणार. एकत्र कुटुंबात प्रेमाचा हिशेब ठेवू नये हे खरे, पण पैशाचा हिशेब ठेवलाच पाहिजे, कारण तो न ठेवल्याने प्रेमही गमावण्याची वेळ येते. या घरात नेमके तेच झाले.

हा प्रश्न चित्रपटाच्या झगमगाटापुरता नाही, तो आपल्या शिवारातला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने आपल्या किल्लारीत आणि आसपासच्या गावांत किती घरांतली मोठी माणसे नेली. त्यानंतर कित्येक घरांत मोठी बहीण धाकट्या भावंडांची आई झाली. तिने शाळा सोडली, चूल सांभाळली, मजुरीला गेली. तिच्या त्या कष्टांची नोंद कोणत्या वहीत आहे? १९९५ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'दोघी' हा पहिला मोठा चित्रपट आला. त्यातही खेड्यातल्या दोन तरण्या बहिणी आहेत. लग्नाच्या दिवशीच ओढवलेल्या संकटाने घर उद्ध्वस्त होते, मोठीला मुंबईला धाडले जाते, तिच्या पैशावर घर जगते, आणि तीच परत आल्यावर घराला तिची लाज वाटते. 'हमारी बेटी' आणि 'दोघी' यांच्यात पंचेचाळीस वर्षांचे आणि बंगल्यापासून झोपडीपर्यंतचे अंतर आहे. पण कमावणाऱ्या मुलीकडे घराने कोणत्या नजरेने पाहावे, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. एकीकडे तो चित्रपटाच्या गोष्टीत आहे, आणि दुसरीकडे चित्रपट काढणाऱ्यांच्या घरात.

सुदैवाने शोभनाबाईंच्या घरातली ही गोष्ट न्यायालयाच्या दारात संपली नाही. १९८३ साली मायलेकींचा समेट झाला. वीस वर्षांची कोंडी फुटली. हरवलेली वर्षे काही परत मिळत नाहीत. नूतन तेव्हा सत्तेचाळिशीची होती आणि आई सत्तरीकडे झुकलेली. दोघींना एकत्र मिळाली ती जेमतेम आठ वर्षे. २१ फेब्रुवारी १९९१ रोजी कर्करोगाने नूतनचे निधन झाले. वय अवघे ५४. आईच्या देखत लेक गेली. समेट झाला नसता तर त्या दिवशी या आईने काय केले असते, हा विचार मनाला चटका लावून जातो.

त्यानंतर शोभनाबाई नऊ वर्षे जगल्या. नातवंडांची चढती कमान त्यांनी पाहिली. नूतनचा मुलगा मोहनीश चित्रपटांत स्थिरावला. तनुजाची मुलगी काजोल १९९२ साली 'बेखुदी'तून पडद्यावर आली आणि बघता बघता आघाडीची अभिनेत्री झाली. रतनबाई, शोभना, नूतन-तनुजा आणि काजोल अशा चार पिढ्यांच्या स्त्रिया एकाच कलेत नाव मिळवतात, हे उदाहरण आपल्या देशात दुर्मिळच. फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार नूतनने ५ वेळा मिळवला आणि पुढे काजोलनेही ५ वेळा. त्यातल्या काजोलच्या यशाची सुरुवात आजीला पाहता आली. नव्वदीच्या दशकात खुद्द शोभनाबाईंनाही फिल्मफेअरने विशेष पुरस्कार देऊन गौरवले. ९ फेब्रुवारी २००० रोजी पुण्यात कर्करोगानेच त्यांचे निधन झाले.

शोभनाबाईंच्या नावावर दिग्दर्शिका म्हणून केवळ दोन चित्रपट. त्यांची गणना श्रेष्ठ कलाकृतींत होत नाही आणि तसा आग्रह धरण्याचे कारणही नाही. पण त्यांनी आपल्या हाताने कॅमेऱ्यासमोर आणलेल्या दोन मुलींनी पुढे जे केले ते या देशाच्या चित्रपटाच्या इतिहासातून वगळता येणार नाही. सुजाता, बंदिनीची कल्याणी, 'सीमा'तली बंडखोर पोर, आणि तनुजाच्या हसऱ्या, निर्भय नायिका, या साऱ्यांची पहिली तालीम त्या आईच्या देखरेखीखाली झाली. आणि त्याच तालमीत मुलीला घरातल्या सत्तेचाही पहिला अनुभव आला.

आपल्या महाविद्यालयात शिकणाऱ्या अनेक मैत्रिणी सुट्टीत शेतावर राबतात, शिवणकाम करतात, शिकवण्या घेतात आणि मिळालेला पैसा घरात देतात. तो द्यावा, घर आपलेच आहे. परंतु तो किती दिला हे त्यांनी लिहून ठेवावे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनीही तो मोकळ्या मनाने मोजावा. आणि एवढे करूनही कधी बिनसलेच, तर बोलायला वीस वर्षे लावू नयेत. सीता म्हणून पुजल्या गेलेल्या आणि आई म्हणून न्यायालयात उभे राहावे लागलेल्या या बाईच्या आयुष्यातून एवढे घेतले तरी आपले वाचन सार्थकी लागले असे म्हणता येईल.